हा मासा चालेल का, मास्तर?

माझे भावोजी बानुएरा मास्तर तेहतीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवून घरी बसले, पण बेटाने त्यांना बसू दिलं नाही. कोंबडी स्वतःचंच अंडं का फोडून खाते, जुळं केळं खाल्लं तर जुळी होतात का, म्हाताऱ्यांचे कान मोठे का दिसतात, असलं विचारायला दिवसभर कुणी ना कुणी येऊन चटईवर टेकायचं. भावोजी दोन वाक्यांत उत्तर द्यायचे आणि तिसऱ्या वाक्याला परदेशात पोचायचे.

"उचकी म्हणजे छातीखालचा पडदा आखडतो. घाईघाईने गिळलं की असं होतं. आता हे मोठे देश बघ. आपल्या समुद्रातला टुना गिळतात, परवान्याचे चार डॉलर टेकवतात आणि तोच टुना डब्यात भरून आपल्यालाच विकतात. त्यांना कशी उचकी लागत नाही?"

"भावोजी, त्याला आधी पाणी द्या, मग देश द्या," मी म्हणायची.

ताई, म्हणजे त्यांची बायको टेरेटिया, आतून हसायची. नवरा गेल्यापासून मी त्यांच्याकडेच राहते. भावोजींचं राजकारण मला कधी पटलं नाही असं नाही, पण ऐकून ऐकून कान किटले होते. "हे मोठे देश जागतिक परिषदेतलं आपलं मत मागायला येतात तेव्हा विमानाने येतात, तांदूळ मात्र बोटीने पाठवतात," हे वाक्य तर मी झोपेतही म्हणून दाखवलं असतं.

एका प्रश्नाचं उत्तर मात्र त्यांच्याजवळ नव्हतं. अकरा वर्षांपूर्वी कुठल्याशा देशाच्या मदतीने बोटींसाठी सुरुंग लावून बेटाभोवतीच्या प्रवाळ खडकातली वाट रुंद केली. प्रवाळ मेलं, त्यावर शेवाळ चढलं, शेवाळावर डोळ्यांना न दिसणारे विषारी जीव वाढले. ते शेवाळ छोट्या माशांनी खाल्लं, छोट्यांना मोठ्यांनी. तेव्हापासून खडकातला एखादा मासा विषारी निघतो. कुठला, ते कळत नाही. वास तोच, चव तीच, कितीही शिजवा विष जात नाही. भावोजींनी राजधानीला सात पत्रं लिहिली. एकाचं उत्तर आलं, पत्र मिळालं म्हणून.

ताईला ते विष दोनदा बाधलं होतं. दुसऱ्या वेळी गार पाण्यात हात घातला की भाजल्यासारखी ओरडायची, आणि कढत चहा तिला थंड लागायचा. तिसऱ्यांदा झालं तर हृदय तग धरेल याची खात्री नाही, असं राजधानीतल्या, टारावाच्या डॉक्टरने बजावलं. तेव्हापासून ताईला खडकातला मासा बंद. डब्यातला तेवढा चालायचा.

आणि या वर्षी राजधानीहून सामान आणणारी बोटच आली नाही. एक आठवडा, तीन आठवडे, सात आठवडे. दुकानातला तांदूळ संपला, डबे संपले. पेट्रोल संपलं, त्यामुळे होड्या खडकापलीकडे टुनाला जाईनात. कंदांच्या खड्ड्यांत खारं पाणी शिरलेलं. राहिला तो खडकातला मासा. ताई खोबरं आणि भोपळ्याचा पाला खाऊन दिवस काढत होती. तिच्या गळ्याची हाडं दिसायला लागली होती.

गावाचे सगळे प्रश्न संपून एकच उरला. शेजारचा टाबोकाई रोज सकाळी हातात मासा लोंबकळवत यायचा. "चालेल का, मास्तर? माश्या बसतायत यावर. मांजरानेही तोंड लावलं."

"मांजराला काय कळतंय? सांगता येत नाही, टाबोकाई. कुणालाच सांगता येत नाही."

तरी तो लगेच उठायचा नाही. सगळेच तसे. 'सांगता येत नाही' ऐकूनही बसून राहायचे, भावोजींच्या तोंडाकडे बघत. कधी ते परिषदेवर नाहीतर परवान्यांवर घसरायचे, कधी डोकं धरून गप्प बसायचे. मला वाटायचं, लोकांना दुसरं काम नाही.

टाबोकाईच्या बायकोने विहिरीवर मला उलगडून सांगितलं. "अगं, मास्तरांना आतून कळतं. माशात धोका असला की गप्प होतात. नसला की राजकारण काढतात. गप्प झाले तर आम्ही मासा फेकतो. दोन महिन्यांत कुणाला काही झालंय का?"

मी घरी येऊन भावोजींना ते सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला. "म्हणजे मी गप्प बसलो तर यांची पोरं उपाशी, आणि बोललो तर..."

"मग सांगा ना सगळ्यांना तोंडावर," मी म्हटलं. अक्कल शिकवली मी.

त्या दिवशी दुपारी मानेआबाच्या, म्हणजे गावच्या सभाघराच्या, छपराखाली गाव जमलं. भावोजी उभे राहिले. "माझ्या बोलण्यावरून मासा ओळखू नका. मला काही कळत नाही," इतकं सांगून ते बसले असते तर बरं होतं. पण कुणीतरी म्हाताऱ्याने विचारलं, मग मास्तर, हे विष आलं कुठून? झालं. सुरुंग आला, तो लावणारा देश आला, मोठ्यांची भांडणं, आपलं एक मत, ते कुणी कसं विकत घेतलं. पाऊण तास. इतके रंगून बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. लोक माना डोलवत होते. म्हातारा शेवटी म्हणाला, "मास्तर फार नम्र आहेत."

सगळे घरी गेले आणि सकाळी धरलेले मासे चुलीवर चढले. टाबोकाईने आमच्याकडे खडकातल्या तांबोशी माशाचा मोठा तुकडा पाठवला. मी भांडी घासायला गेले होते. परत आले तर ताई बोटं चाटत होती.

"ताई, काय केलंस हे?"

"भूक लागली होती गं. आणि आज किती छान बोलले ते. तेहतीस वर्षं ऐकतेय मी, भीती असली की गप्प असतात."

संध्याकाळी तिला उलट्या सुरू झाल्या. सकाळी पाय उचलेनात. दवाखान्यातल्या नर्सने सलाईन लावलं, तिच्याजवळ तेवढंच होतं. टारावाहून रेडिओवर उत्तर आलं, विमान दुरुस्तीला आहे, गुरुवारी बघू. तो दिवस सोमवार होता.

दुपारपर्यंत अर्धा गाव आमच्या दारात चटया टाकून बसला. त्याच तांबोशीतून खाल्लेली टाबोकाईची दोन माणसं उलट्या करून बरी झाली होती. टाबोकाई मान वर करत नव्हता.

ताईने भावोजींना जवळ बोलावलं. "अहो, मी वाचेन का?"

ते कधी खोटं बोलत नसत. "सांगता येत नाही गं."

"मग असे गप्प बसू नका. मला भीती वाटते. काहीतरी बोला ना, तुमच्या त्या देशांचं."

भावोजींनी घसा खाकरला. वर्गात बोलायचे तशा मोठ्या आवाजात ते सुरू झाले. पुढच्या महिन्यात परिषद आहे म्हणाले, आपला माणूस जाणार आहे, या वेळी त्यांना ऐकावंच लागेल. मत मागायला विमानाने येतात म्हणाले. ताईने डोळे मिटले.

बाहेर टाबोकाईच्या बायकोचा आवाज आला, "बोलतायत मास्तर. उतार पडला वाटतं." कुणीतरी देवाचे आभार मानले. चटया गुंडाळल्याचे आवाज आले आणि माणसं एकेक करून घरी गेली.

मी ताईचं मनगट धरून बसले होते. नाडी दोन ठोके देऊन तिसरा चुकवत होती. दुसरं मनगट भावोजींच्या हातात होतं, आणि ते बोलत होते.