बेल न वाजवणाऱ्या आजी

कोथरूडच्या एका हॉस्पिटलात मी वॉर्डची इन्चार्ज सिस्टर होते. तिथे आयटी कंपनीतून नवे मॅनेजर आले आणि त्यांनी प्रत्येक खाटेला बेल बसवली. पेशंटने ती दाबली की आमच्या काउंटरवर लाल दिवा लागायचा. विझवायचं बटण मात्र खाटेशीच. दिवा किती लवकर विझला यावर आमची लायकी ठरायची. पेशंटला बरं वाटलं का, हे मोजणारं यंत्र अजून निघायचं होतं.

चौघींचं काम दोघी ओढत होतो. मग आम्हीही शहाण्या झालो. पळत जायचं, दिवा विझवायचा, "आलेच हं" म्हणायचं आणि पुढच्या दिव्याकडे पळायचं. मीटिंगमध्ये आमच्या वॉर्डासाठी टाळ्या वाजायच्या. मला त्यांचा वीट आला होता, पण तेवढा वेळ बसायला मिळायचं.

खिडकीजवळच्या खाटेवर एक आजी होत्या. शाळेतून निवृत्त झालेल्या, मुलगा अमेरिकेत. अर्धांगवायूमुळे त्यांना स्वतःहून कुशीवर वळता येत नव्हतं. पण त्यांनी कधी बेल वाजवली नाही. तुम्ही आधीच धावताय, त्यात माझी भर कशाला, म्हणायच्या. रडल्याशिवाय आईसुद्धा दूध पाजत नाही, आणि आमचा वॉर्ड काही कुणाची आई नव्हता. आजींच्या पाठीवर लाल चट्टा उठला, तो आम्हाला दिसलाच नाही.

दिसला तो यवतमाळकडून नुकत्याच आलेल्या एका सिस्टरला. तिने मला ओढत नेऊन दाखवला. असा चट्टा फुटला की जखम हाडापर्यंत जाते. मी म्हटलं, अगं, यांनी सांगायला नको का?

"त्या मागतच नाही ना ताई," ती म्हणाली, "म्हणून तर पाहा लागते."

त्या दिवसापासून ती ठरल्या वेळी मला हाक मारायची. चादरीची टोकं धरून आम्ही दोघी आजींना वळवायचो. हे एकटीचं काम नाही. चट्टा फिकट होऊ लागला आणि मला कितीतरी दिवसांनी आपण नर्स आहोत असं वाटलं.

एका दुपारी आजींना वळवत असताना वरच्या मजल्यावरच्या डीलक्स खोलीचा दिवा काउंटरवर बराच वेळ पेटलेला राहिला. आमच्यापैकीच एकीने तिकडे जायचं होतं. तिथल्या पेशंटला टीव्हीचा रिमोट सापडत नव्हता. मॅनेजरांनी मला बोलावलं. रिमोट न मिळाल्याने पाठ सडत नाही, असं मी सांगून पाहिलं. ते शांतपणे हसले आणि त्या मुलीची बदली डीलक्स मजल्यावर केली. तत्परता शिकेल, म्हणाले.

खाली मी एकटी उरले, सोबतीला रोज कुणीतरी नवीन, ती दिव्यांमागेच पळत असायची. कधी मावशींना बोलावून, कधी शेजारच्या पेशंटच्या सुनेला विनवून आजींना वळवत होते. होईल तेव्हा. चट्टा पुन्हा लाल झाला. एका सकाळी कुणीच सापडेना, तेव्हा मी वर गेले. ती एका खोलीतून बाहेर येत होती. डोळ्यांखाली काळं आलं होतं. म्हटलं, आजींसाठी पाच मिनिटं खाली ये गं.

"आलेच हं, ताई," ती गोड हसून म्हणाली आणि पुढच्या खोलीत शिरली.

मला तिचा राग आला नाही. जिन्यात थांबून डोळे तेवढे पुसले. खाली येऊन चादरीचं टोक धरलं तेव्हा आजींनी विचारलं, ती येतेय का. मी म्हटलं, आलेच म्हणाली.

"मग नाही यायची," आजी म्हणाल्या.