तीनदा गप्प बसलेली मुलगी

मंडळी, आज सकाळी मी एक मोठी चूक करता करता राहिले.

मी जुन्नर तालुक्यातल्या आळे गावातून सात समुपदेशकांची टीम सांभाळते. सगळे आपापल्या गावातून काम करतात. जुन्नर-आंबेगावच्या पोरापोरींशी आम्ही व्हिडिओ कॉलवर बोलतो. आजच्या मीटिंगमध्ये मी एका कॉलेजातल्या मुलीची फाइल बंद करायला निघाले होते. (ओळख पटेल असं सगळं बदललंय.) तीन सेशन झाली, तिन्ही वेळा कॅमेरा बंद आणि उत्तरं फक्त ‘हं’ आणि ‘नाय’.

मी म्हटलं, "तिला बोलायचंच नाहीये."

आमची डिंगोऱ्याची समुपदेशक सारिका उसळली. "ताई, घरात सहा माणसं व्हती तिच्या शेजारी, बोलंल कशी? काल मीच तिला म्हनले, शेळ्या घेऊन माळावर जा अन् तिथून फोन लाव. तासभर बोलली. लई रडली, मग हसली बी. पुढचा वार तिनंच ठरवला."

मी फाइल उघडीच ठेवली. आणि हे सगळं मी दारातल्या गाडीत, काचा वर करून ऐकत होते. घरात सासूबाई असतात, त्यांना ऐकू जाऊ नये म्हणून माझ्या रोजच्या मीटिंगा गाडीतच होतात. स्वतःसाठी मला गाडी सुचली, तिच्यासाठी माळ काही सुचला नाही!

आजपासून ‘कसं वाटतंय?’च्या आधी आम्ही विचारणार, ‘आत्ता जवळ कोण बसलंय?’

आणि तुम्ही सांगा, तुमच्या घरातल्या पोरांना कुणी न ऐकता रडायला जागा कुठे आहे?