आवाज आणायला घाटाखाली गेलो

यंदा कुठं फिरायला जायचं नाही असं मी ठरवलं होतं. गुडघे आता एसटीच्या पायरीशीच भांडतात. पण जानेवारीत खामगावहून वैशालीचा फोन आला. वैशाली म्हणजे माझा जुना दोस्त प्रल्हाद, त्याची मुलगी. म्हणाली, "काका, बाबाच्या ऑपरेशनचं ठरलं. गळ्यातल्या गाठीसोबत आवाजाची पेटीच काढा लागते म्हणते डॉक्टर. त्याच्या आधी दोन दिवस येता काय?"

खामगावच्या बाजारात तुम्ही कधी गेला असाल तर प्रल्हादला ऐकलं असेल, पाहिलं नसेल. भोंगा लावलेली रिक्षा गल्लीगल्लीतून जाते, साड्यांचा सेल, नळाला पाणी केव्हा, हरवलेलं पोर, सगळं सांगत. त्या रिक्षात बसलेला माणूस म्हणजे प्रल्हाद. तरुणपणी मी खामगावात रेडिओ दुरुस्तीला राहायचो तेव्हा आमची खोली एक होती. मी पुढं मेहकरला दुकान टाकलं, तो तिथंच राहिला.

वैशाली घरी बसून कॉम्प्युटरला मराठी शिकवायचं काम करते. कंपनी माणसांच्या बोलण्याचे तुकडे पाठवते, ही कानाला लावून ऐकते, मशीनने चुकीचं लिहिलेलं दुरुस्त करते. त्यामुळं तिला ठाऊक होतं की माणसाचं बोलणं पुरेसं रेकॉर्ड करून ठेवलं, तर नंतर फोनवर काहीही लिहा, फोन ते त्या माणसाच्या आवाजात बोलतो. तिनं रेकॉर्डिंग सुरूही केलं होतं. अडचण एकच. माईक दिसला की बाबा बाबासारखे बोलत नाहीत. "तुमच्याशी ते मोकळे बोलतात. तुमी या," म्हणाली.

मेहकरहून जानेफळमार्गे खामगावची एसटी धरावी. ज्येष्ठांना अर्धं तिकीट, पण कार्ड वरच्या खिशात ठेवा, नाहीतर कंडक्टरसमोर पिशवी उपसत बसाल. रस्ता काही ठिकाणी मलईसारखा आणि काही ठिकाणी तो बनवायचं कुणाच्या तरी ध्यानातून गेल्यासारखा. जानेवारीत गेलात तर दोन्हीकडं हरभरा घाट्यांवर, म्हणजे शेंगांवर, आलेला आणि तुरीच्या पेंढ्या उन्हाला टेकून उभ्या. आमच्या बुलढाणा जिल्ह्यात माणसाला दोनच पत्ते असतात, घाटावर नाहीतर घाटाखाली. मी घाटावरचा. खाली उतरलं की हवा जड होते, जमीन काळी होते, आणि बाभळीच्या काट्यांना कापूस लागलेला दिसतो, गाड्यांतून उडालेला.

शेजारी बसलेला शेतकरी फोनला हरभऱ्यावरच्या अळीचं औषध विचारत होता. पहिल्यांदा म्हणाला, "मले घाटेअळीचं सांग." फोन दुसरंच काही बरळला. मग त्यानं मान ताठ केली, साहेबासमोर उभं राहिल्यासारखी, आणि म्हणाला, "मला घाटेअळीविषयी माहिती हवी आहे." लगेच उत्तर आलं. माझ्याकडं वळून हसला. "इंग्रजीपेक्षा हे सोपं हाये, पण घाम तेवढाच येते," म्हणाला.

प्रल्हादचं घर कापसाच्या जुन्या जिनिंगच्या मागं. आवाज घोगरा झालेला, तरी दारातूनच ओरडला, "ये बे दिगू, म्हातारा झाला काय लेका?" सुमनवहिनींनी पाटवडीचा रस्सा आणि ज्वारीची भाकर केली होती. जेवताना तो सारखा बोलत होता. नव्या पुलाच्या कामाला शिव्या, माझ्या टकलाची चौकशी, वहिनींना "वैशूचे माय, रस्सा वाढ व, हा घाटावरचा पाहुना लाजते."

जेवण झाल्यावर वैशालीनं फोन समोर ठेवला आणि रेकॉर्डिंगची लाल टिकली लागली. प्रल्हादनं घसा खाकरला. पाठ सरळ. आणि माझ्याकडं पाहून म्हणाला, "नमस्कार. आज आपल्यासमवेत मेहकरहून आलेले आमचे स्नेही दिगंबरराव उपस्थित आहेत." मी हसलो. तो नाही हसला. मी पुलाचा विषय काढला. "पुलाचे काम प्रगतिपथावर असून नागरिकांनी सहकार्य करावे." मध्येच तहान लागली तर म्हणाला, "वैशालीच्या आईंनी, असतील तेथून, पाण्याचा तांब्या घेऊन यावे."

वहिनी आतून म्हणाल्या, "जत्रेत हरवली काय मी?"

पोट धरून हसलो सगळे. टिकली बंद झाली तसा तोही हसला. "मी काय करू बे? मायकापुढं मले 'मले' म्हणताच येत नाही."

वैशाली मात्र उठली. मला ओसरीवर नेऊन तिनं सांगितलं, तिच्याकडं जमलंय ते सारं, भोंग्याच्या जुन्या रेकॉर्डिंगसकट, असंच आहे, सेल आणि सूचना. मशीन तेवढंच शिकणार. "जाहिरातीले ते चालते, काका. पण माय त्याच्यासंगं घरात कशी राहीन?" मग म्हणाली, आमच्या कामातला पहिला नियम आहे, विचारल्याशिवाय कुणाचा आवाज घ्यायचा नाही. "पण तुमी उद्या त्यायच्यासोबत नांदुऱ्याले जाऊन राह्यले. फोन खिशातच राहते. मी काही म्हणत नाही."

दुसऱ्या दिवशी नांदुरा. खामगावहून एसटी, काळीपिवळी, काहीही मिळतं. नांदुऱ्यात हमरस्त्यावरच्या उंच हनुमानाला हात जोडून गावात शिरलो. तिथल्या एका कापडवाल्या शेठची संक्रांतीची अनाउन्समेंट प्रल्हाद दरवर्षी करायचा, यंदा बोलावणं आलं नव्हतं. दुकानाशी पोचलो तर दारात एक बाई बोलत होती, साड्यांचं, गोड, एकसारखं. बाई कुठंच नव्हती. शेठनं अगदी प्रेमानं आलुबोंडा मागवला, चहा पाजला, आणि फोन दाखवला. यात लिहायचं की झालं. भाव बदलला की पुन्हा लिहायचं. "तुमी काऊन घसा फाडता, प्रल्हादभाऊ? आराम करा."

ऑपरेशनचं शेठला माहीत नव्हतं, आम्ही सांगितलं नाही. प्रल्हाद म्हणाला, आलोच आहे तर एकदा मी आवाज देऊ का? शेठनं बाईला बंद केलं आणि माईक दिला. प्रल्हादनं तिळगुळाच्या शुभेच्छांपासून सुरुवात केली. रस्त्यावरच्या दोघी-तिघी थांबल्या, एका भाजीवाल्यानं मान वर करून "आले वाटते प्रल्हादभाऊ" असं म्हटलं. शेवटच्या ओळीला आवाज फाटला. तो पाणी प्याला आणि त्यानं ती ओळ पुन्हा पहिल्यापासून म्हटली. आम्ही निघालो तेव्हा चपला घालेपर्यंत बाई परत सुरू झाली होती.

परतीला मुद्दाम रेल्वे धरली. नांदुऱ्याहून जलंब, तिथं उतरून खामगावची छोटी गाडी. वेळा बदलतात, स्टेशनात विचारूनच जा, आणि जलंबला बसायची तयारी ठेवा. आम्हालाही बराच वेळ बसावं लागलं. ऊन कलतं, फलाटावर दोन कुत्री आणि आम्ही.

तिथं तो बोलला. बोलला म्हणजे वाहिला. पहिल्यांदा माईक हातात धरला तेव्हा तो 'तुमाले' म्हणाला, तशी बाहेरून आलेली मंडळी हसली होती. मग रेडिओ ऐकून ऐकून त्यानं शुद्ध बोलणं कसं बसवलं, रात्री खोलीत मला झोपू न देता. "हे घरचं बोलनं तर मले फुकट भेटलं बे. ते दुसरं म्या कमावलं. मग मांगं ठिवायचं ते कमावलेलंच ना?" मी म्हटलं, वहिनींना कोणतं पाहिजे ते विचारलं का? त्यानं पटरीकडं तोंड फिरवलं. मग म्हणाला, "तिले म्या आजवर नावानं हाक मारली नाही. आता फोननं मारू काय?"

माझा हात खिशात फोनवर होता. बोट बटणाच्या बाजूला. एवढंच करायचं होतं. पण समोरचा माणूस इतकं उघडं करून बसलेला, त्याच्या नकळत ते उचलून न्यायला माझा हात चालेना. मी म्हटलं, "प्रल्हाद, हे तुझं बोलणं फोनात घेऊ का? वहिनीसाठी."

"हाव, घे ना," तो लगेच म्हणाला.

मी फोन काढला, बटण दाबलं. त्यानं टोपी सारखी केली. "नमस्कार, मी प्रल्हाद. जलंब स्थानकावरून आपल्याशी संवाद साधत आहे." दोनदा थांबला, डोकं हलवलं, पुन्हा प्रयत्न केला. तिसऱ्यांदा डोळ्यांत पाणीच आलं त्याच्या. गाडी आली. त्याचा 'हाव' बटण दाबायच्या आधीचा, तेवढाही फोनात यायचा राहून गेला.

वैशालीला सांगितलं. तिनं मला दोष दिला नाही. "तुमी बरोबर केलं, काका," म्हणाली आणि भाकरी थापायला लागली. बरोबर केलं असेलही. तिसऱ्या दिवशी घाट चढताना एसटीत मी दुसरं काही मनात आणू शकलो नाही. पुढं दवाखान्यात ती पुन्हा एकदा प्रयत्न करून पाहणार होती, पण तिथं त्याला बोलायचीच मनाई झाली.

लोक विचारतात, घाटाखाली पाहण्यासारखं काय आहे. कापसाच्या गाड्या आहेत, जलंबचा फलाट आहे, पाटवडी तर आहेच. जा. आणि कुणाचं बोलणं आवडत असेल तर त्याला विचारून ते आधीपासूनच टिपत राहा, घाई नसताना, इतक्यांदा की त्याला माईकचा विसर पडेल. आम्ही उशिरा गेलो.

मार्चमध्ये, जखम भरल्यावर, प्रल्हादच्या नंबरवरून फोन आला. "नमस्कार. मी प्रल्हाद बोलत आहे." त्याचाच आवाज, भरदार, घोगरेपणा नसलेला, दहा वर्षांपूर्वीच्या भोंग्यातला. मी म्हटलं, बोल लेका. पलीकडं शांत. तो लिहीत असणार. मग आलं, "दिगू, कसा हायेस बे?"

शब्द त्याचेच होते. पण तो 'बे' पाढ्यातला होता. बे एके बे मधला, मास्तरांपुढं म्हणतात तसा सपाट. त्या सगळ्या रेकॉर्डिंगमध्ये त्यानं एकदाही 'बे' म्हटलं नव्हतं, मशीननं तो शिकायचा कुठून?

मला हसू फुटलं. पलीकडं तोही हसला असेल. पण हसायलाही आवाज लागतो. मागून वहिनींच्या बांगड्या ऐकू आल्या.

"बरा हाये बे," मी म्हटलं, आणि बोलत सुटलो. हरभरा कसा झाला, गुडघ्याला कोणतं तेल लावतो, मेहकरच्या स्टँडवर काय काय बदललं. कुठं थांबलोच नाही. थांबलो असतो तर त्या आवाजानं उत्तर दिलं असतं. बराच वेळ बोललो, सांभाळून राहा म्हटलं आणि फोन ठेवला.

ठेवल्यावर ध्यानात आलं, तो बिचारा तिकडं काहीबाही लिहीत असेल, आणि मी त्याला एक शब्दही बोलू दिला नव्हता.