बी मिझेची दुहेरी बोली

बी मिझेला, म्हणजे मिझेबाईला, कुठलाही शब्द एकदाच बोलणं जमत नसे. पेम्बा बेटावरच्या तिच्या गावात एकच शब्द दोनदा सगळेच म्हणतात, पण हिची तऱ्हाच न्यारी. तिथल्या भाषेत लिमा म्हणजे शेत खणणं. नवऱ्याने कुदळ उचलली की ही म्हणे, "चाललं यांचं लिमालिमा," म्हणजे नुसती उकराउकर. नातवंडं मुळूमुळू रडली की लिआलिआ. बोलण्यात माया असे, म्हणून कुणी मनावर घेत नसे.

कझिजाने मात्र घेतलं. ती मिझेची शेजारीण, चाळीस वर्षांपासूनची मैत्रीण. गावातल्या प्रत्येक लग्नात पुलावाचा हंडा तिच्याच हाती असायचा. मिझेच्या भाचीच्या लग्नात सगळ्या बायकांदेखत मिझे हसत म्हणाली, "अगं, ही कुठली रांधतेय? पिकापिका चाललंय हिचं." म्हणजे रांधल्यासारखं करणं. कझिजाने डाव खाली ठेवला, अंगावरचा कांगा सावरला आणि सरळ घरी गेली. पुलाव करपला. त्यानंतर तीन वर्षं दोघींत अबोला होता.

आणि आता कझिजा शुक्रवारच्या बोटीने लेकाकडे मोम्बासाला निघाली होती, कायमची.

गुरुवारी सकाळी लवंगा वाळत घालायचं सोडून मिझे तिच्या दाराशी येऊन उभी राहिली. दार उघडंच होतं, पण "होदी", म्हणजे "येऊ का", अशी हाक दिल्यावाचून उंबरा ओलांडायचा नसतो. तीनदा हाक द्यायची, ओ आली नाही तर मुकाट मागे फिरायचं. चौथी हाक कुणी शहाणी बाई मारत नाही.

"होदी होदी."

आत पेटीचं झाकण वाजलं.

"होदी होदी. कझिजा, मी आहे गं."

पेटीचा आवाज थांबला. एकच हाक उरली होती.

"होदी होदी. माझ्या जिभेला हाड नाही, तुला ठाऊकच आहे."

ओ आली नाही. मिझे वळली. तिला फार वाईट वाटत होतं, पण रीत ती रीत. चार पावलं गेली असेल, तोच घराच्या आतून फणकाऱ्याचा आवाज आला.

"होदी होदी."

आपल्याच घरातून बाहेर यायला बया परवानगी मागत होती.

"ये बाई, ये ये," मिझे कशीबशी म्हणाली.

कझिजा उंबऱ्यात आली. तिचेही डोळे लाल होते. "रस्त्यातच उभी राहणार आहेस? पुलाव करतेय, आत येऊन कांदा चिर. आणि नीट चिर, नुसती चिराचिरी नको."

"बरं," मिझे म्हणाली. एकदाच.