बाबांनी परस्पर दिलेला होकार

मला पहिली नोकरी लागली त्या शनिवारी मी ठाण्याला कॉलेजच्या प्रयोगशाळेत होते. एमएस्सीचं शेवटचं सत्र, प्रोजेक्टचा प्रयोग पुन्हा फसलेला, आणि फोन नियमाप्रमाणे बाहेर लॉकरमध्ये. औषधांसाठी लागणारी रसायनं बनवणाऱ्या, डोंबिवली एमआयडीसीतल्या एका कंपनीने मला फोन केला. मी उचलला नाही म्हणून त्यांनी अर्जातल्या दुसऱ्या नंबरावर केला. तो बाबांचा होता. तुमच्या मुलीला आम्ही घेतोय, ती येईल ना, असं त्यांनी विचारलं आणि बाबा म्हणाले, "हो हो, येईल म्हणजे काय, नक्की येईल!"

मी घरी पोचेपर्यंत आईचे सगळ्या बिल्डिंगला पेढे वाटून झाले होते. जिन्यातच समोरच्या काकूंनी मला मिठी मारली. क्षणभर वाटलं, माझं लग्नच ठरवून टाकलं की काय यांनी.

खरं तर मुलाखतीतच मी त्या कंपनीच्या लॅबप्रमुख मॅडमना स्पष्ट सांगितलं होतं की घोडबंदर रोडवरच्या एका संशोधन केंद्रातही माझी मुलाखत झाली आहे, त्यांचं उत्तर आलं की मी काय ते कळवते. मॅडम पस्तिशीच्या, मोकळ्या स्वभावाच्या. "सांगितलंस ते बरं केलंस," एवढंच म्हणाल्या होत्या. घरी मात्र यातलं मी काहीच बोलले नव्हते. बाबांनी उभ्या आयुष्यात एकच नोकरी केली, बोलावणं आलं त्या दिवशी हजर झाले आणि निवृत्तीपर्यंत तिथेच राहिले. नोकरी देणाऱ्याला 'विचार करून सांगते' म्हणायचं हे त्यांच्या गळी उतरलंच नसतं.

मला राग पटकन येतो आणि आला की आवाज आपोआप चढतो. "तुम्ही परस्पर हो कसं म्हणालात? नोकरी मला करायचीय ना?"

"अगं, त्यांनी विचारलं. मी काय नाही म्हणू?"

"माझ्याशी बोला म्हणायचं, बाबा!"

"आणि तेवढ्यात त्यांनी दुसऱ्या कोणाला देऊन टाकली असती तर?"

वर्गातल्या कित्येकांना अजून साधं मुलाखतीचं बोलावणंही आलं नव्हतं. बाबांची भीती खोटी नव्हती. तरी त्या रात्री मी त्यांच्याशी बोलले नाही, आणि पेढाही खाल्ला नाही. आईने तो माझ्या ताटात वाढला होता, मी वाटीखाली सरकवला.

रविवार असाच धुमसत गेला. सोमवारी सकाळी घोडबंदरहून मेल आला. त्यांनी मला घेतलं होतं, आणि तेही मला हव्या त्याच विषयावर काम करायला. दोन वर्षं मी ज्याची स्वप्नं बघितली ते समोर आलं, तेही बाबा दुसरीकडे हो म्हणून बसल्यावर.

टिटवाळ्याच्या काकांनी पेढ्यांची बातमी ऐकून फोन केला होता, त्यांना आईने सगळी हकिगत सांगितली. काकांनी स्पीकरवरूनच चुटकीसरशी प्रश्न सोडवला. "दोन्ही हातात ठेव गं. घोडबंदरला जॉइन झालीस की एमआयडीसीत जायचंच नाही. फोन आले तर उचलू नकोस. आजकाल सगळे असंच करतात, कोण तुझ्यामागे येतंय?"

सगळे असंच करतात हे खरं होतं. आमच्याच कॉलेजच्या वरच्या वर्गातल्या मुलांनी केलेलंच होतं, आणि त्यानंतर ती कंपनी पुन्हा आमच्याकडे फिरकली नव्हती.

"असलं काही करायचं नाही," बाबा म्हणाले. "मी शब्द दिलाय."

"शब्द तुम्ही दिलात, आठ तास उभं तिला राहायचंय," आई म्हणाली. बाबा पेपर उघडून बसले, पण त्यांचं पान काही उलटेना.

मी आत जाऊन विचार करत बसले. होकार माझा नव्हता, पण मॅडमना ते कुठे माहीत होतं? त्यांनी तो माझाच धरला असणार. त्या होकाराच्या जोरावर त्यांनी दुसऱ्या कोणाला नकार कळवला असेल तर? माझ्यासारखंच कोणीतरी शनिवारपासून तोंड पाडून बसलं असेल, आणि मी घोडबंदरला जायचं? मला ते जमलं नसतं. बाहेर येऊन मी सांगून टाकलं, की त्यांनी कोणाला परत पाठवलं असेल तर मी एमआयडीसीतच जाईन. बोलताना माझा आवाज फुटला. किती हवी होती मला ती दुसरी नोकरी!

बाबांनी पेपर खाली ठेवला. "मी येतो बरोबर. बोललो मी, तर तोंडही मीच दाखवतो."

मी घोडबंदरला कळवलं, की एका ठिकाणी आधी बोलणं गरजेचं आहे, उद्यापर्यंत वेळ द्या. मग मॅडमना फोन करून दुपारी भेटायला येते म्हटलं. बाबांनी कपाटातून इस्त्रीचा शर्ट काढला. उरलेल्या पेढ्यांचा डबा ते पिशवीत घालताना आईने तो काढून घेतला. "नाही म्हणायला जाताय ना? मग पेढे कसले नेताय?"

मॅडमनी आम्हाला बाहेरच्या खोलीत बसवलं. मी तोंड उघडायच्या आत बाबा उभे राहिले. "हिची काही चूक नाही. हो मी म्हणालो होतो, हिला न विचारता." मग मी घोडबंदरचं सांगितलं. आणि लगेच विचारलं, "मॅडम, तुम्ही कोणाला नकार कळवलात का?"

"अजून नाही. दोघींना कळवायचा होता. आज संध्याकाळी पत्रं जाणार होती," त्या म्हणाल्या. "वाईट वाटतंय, तू मला हवी होतीस. पण आत्ता आलीस हे फार बरं झालं. लोक जॉइनिंगच्या दिवशी येतच नाहीत, आणि तोवर यादीतल्या पुढच्याने दुसरीकडे कुठेतरी नोकरी धरलेली असते." मला एकदम इतकं हलकं वाटलं की डोळ्यांत पाणीच आलं. बाबा खुर्चीत मटकन बसले.

मॅडमनी तिथेच फोन उचलला आणि यादीतल्या पुढच्या मुलीचा नंबर लावला. पलीकडे कोणीतरी पुरुष मोठ्याने बोलायला लागला. इतक्या आनंदाने, की आम्हालाही ऐकू येत होतं. मॅडमनी बाबांकडे बघितलं.

"काका, थांबा, थांबा. तुम्ही हो म्हणू नका. फोन तिला द्या."

मग थोडा वेळ नुसतं हं, हं चाललं. शेवटी मॅडम म्हणाल्या, "चालेल ना. उद्या सांग." आणि त्यांनी फोन ठेवला.

"काय म्हणाली?" मी विचारलं.

"विचार करून सांगते म्हणाली."

मी बाबांकडे बघितलं. ते शांतपणे मान डोलावत होते.

"बरोबर आहे," ते म्हणाले. "करू दे तिला विचार."