रोद्याचा डावा हात

ग्लाफिरा ओबोरिना, सगळ्यांची ग्लाशा, अंगाने वाढलीच नाही, आणि तेच तिच्या पथ्यावर पडलं. रशियातल्या पेर्म शहरात बर्फावरचं स्केटिंग तिच्याबरोबर शिकायला लागलेल्या मुली बारा-तेरा वर्षांच्या होईपर्यंत हवेत तीन गिरक्या घेऊ लागल्या होत्या. ग्लाशाची तिसरी गिरकी कायम अर्धवट राहायची आणि ती धपकन बसायची. शेवटी तिच्या प्रशिक्षक इनेस्सा पेत्रोव्हना यांनी एका सकाळी तिला कडेला बोलावलं, बटाट्याच्या पिशवीचा अंदाज घ्यावा तशी काखेत धरून उचलून पाहिली आणि म्हणाल्या, "एकटीनं तुझं काही खरं नाही. जोडीत चालशील."

जोडीदार म्हणून समोर आणून उभा केला तो रोदिओन व्यात्किन. सोळा वर्षांचा, लीस्वाहून आलेला, शाळेच्या वसतिगृहात राहणारा. खांदे रुंद, बोलणं बेताचं. पहिल्यांदा त्याने तिला डोक्यावर उचललं तेव्हा तिने घट्ट डोळे मिटून घेतले होते.

"डोळे उघड, चिमणे," खालून आवाज आला. "आणि खाली बघू नकोस. खाली मी आहे, तिकडचं मी बघतो."

त्या दिवसापासून तो तिला चिमणीच म्हणायचा. आधी तिला राग यायचा, मग नाव अंगवळणी पडलं, आणि तीही त्याला रोद्या म्हणू लागली. तिला भाऊ नव्हता, आणि वडील ती लहान असतानाच उत्तरेला तेलाच्या विहिरींवर कामाला गेले ते तिकडचेच झाले. आई लिदिया एका शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला होती आणि घरी मुलीचे स्पर्धेचे झगे शिवायची, एकेक चमकता खडा हाताने चिकटवून. रविवारी रोद्या त्यांच्याकडे जेवायला असायचा.

सहा वर्षांत दोघांनी काय मिळवलं म्हणाल तर फार मोठं काही नाही. कनिष्ठ गटाच्या राष्ट्रीय स्पर्धेत एकदा आठवा नंबर, एकदा सहावा. परदेशात एकदाच गेले, पोलंडला, आणि तिथे रोद्या तापाने फणफणला होता. पण ग्लाशा अठरा वर्षांची झाली त्या शरदात सगळं जुळून आलं. इनेस्सा पेत्रोव्हना कौतुकाच्या बाबतीत हात फारच आखडता घ्यायच्या, त्यासुद्धा एकदा म्हणाल्या, "बरं होतंय." नोव्हेंबरअखेर सारान्स्कला फेरी होती. तिथे पहिल्या तीन जोड्यांत आलं की डिसेंबरात देशाच्या मुख्य स्पर्धेत, मोठ्यांच्या गटात, जागा पक्की.

ऑक्टोबरातल्या एका रविवारी आईला कामावर जायचं होतं, म्हणून ग्लाशा डबा घेऊन वसतिगृहात गेली. डब्यात आईने भरून दिलेल्या कच्च्या पोसिकुंचिकी होत्या, मांस भरलेल्या, तळून खायच्या. रोद्याने बिडाचा तवा शेगडीवर ठेवला. तो काहीतरी सांगत होता, वरच्या मजल्यावरच्या हॉकीवाल्यांची तक्रार, आणि सांगता सांगता त्याने डाव्या हाताने तव्याचा लोखंडी दांडा धरून तवा उचलला. ग्लाशाला आधी वास आला. मग कळलं की दांड्यावर फडकं नाही.

"रोद्या, हात."

त्याने तवा खाली ठेवला, तळहात उलटा करून पाहिला. कातडी पांढरी पडली होती. ती त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. तिथे दुखल्याची एक रेघ उमटली नाही.

"कधीपासून?" तिने विचारलं.

"काय कधीपासून?"

"मला वेड्यात काढू नकोस."

त्याने नळ सोडला आणि हात पाण्याखाली धरला. पाण्याकडेच बघत म्हणाला, "ऑगस्टपासून. नेहमी नसतं. येतं, जातं. मानेतून खाली मुंग्या येतात आणि मग सगळा पंजा जणू माझा नसतोच."

डावा हात म्हणजे तोच हात. कार्यक्रमाच्या शेवटी रोद्या तिला एकाच हातावर तोलून धरायचा. त्याचा तळवा तिच्या कमरेच्या हाडाखाली, कोपर ताठ, आणि तशाच स्थितीत तो बर्फाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत घसरत, फिरत जायचा. ग्लाशा वर आडवी, दोन्ही हात पसरलेले. खाली दगडासारखा बर्फ, डोक्यावर केसांच्या पिनांशिवाय काही नाही.

"डॉक्टरला दाखव."

"दाखवलं की तो खेळायचं नाही म्हणून लिहून देणार. लिहून दिलं की मी संपलो. बावीस वर्षांचा आहे मी, ग्लाश. दुसरं काही येत नाही मला. लीस्वाला परत जाऊन काय करू, कारखान्यात वडिलांच्या शेजारी उभं राहून पातेल्यांना मुलामा देऊ?" मग तो हळू आवाजात म्हणाला, "सहा आठवडे. सारान्स्क होऊ दे, मग मी स्वतः जातो. कुणाला बोलू नकोस. आईलाही नाही."

तिने होकारार्थी मान हलवली. एवढंच केलं, आणि त्या क्षणापासून तिचं चित्त थाऱ्यावर राहिलं नाही.

सकाळी उठल्यावर पहिला विचार हाताचा. ट्राममध्ये हाताचा. सरावाआधी बूट बांधताना ती तिरप्या नजरेने बघायची, रोद्याला नाडीची गाठ जमते आहे का. जमली तर दिवस बरा. नाही जमली तर तो दात लावून ओढायचा आणि हसून तिच्याकडे बघायचा. वर चढल्यावर ती आकडे मोजू लागली. अकरा सेकंदांची ती उचल, आणि प्रत्येक आकड्याला वाटायचं, आता. एकदा सातव्या आकड्याला तळवा थरथरला, मोठी गाडी गेल्यावर खिडकीची काच थरथरते तसा.

मग तिने जेवण तोडलं. तिचा हिशेब साधा होता: मी हलकी झाले तर त्याच्या हाताला कमी सोसावं लागेल. सकाळी दोन चमचे पनीर, दुपारी सफरचंद. आईने झगा एकदा कमरेत घेतला. दहा दिवसांनी पुन्हा घ्यायची वेळ आली, तेव्हा तोंडात टाचण्या धरून ती मुलीभोवती गुडघ्यांवर फिरत होती.

"डब्यातलं कुणाला घालतेस?"

"खाते मी."

"मी रोज चारशे पोरांना वाढते ग्लाशा. न खाल्लेलं पोर मला लांबून ओळखू येतं." आईने टाचण्या काढून हातात घेतल्या. "इनेस्सा बोलली का वजनावरून?"

"नाही."

"मग कोण?"

"कुणी नाही, आई. स्पर्धा आहे, भूक लागत नाही."

आईने आणखी विचारलं नाही, पण त्या दिवसापासून ती समोर बसायची आणि मुलीचं ताट संपेपर्यंत उठायची नाही. ग्लाशा खायची आणि मनातल्या मनात ग्रॅम मोजायची.

सारान्स्कला पहिल्या दिवशीचा छोटा कार्यक्रम पार पडला आणि ते तिसरे आले. दुसऱ्या दिवशी सकाळच्या सरावात ते घडलं. रोद्याने तिला वर घेतलं, वळण घेतलं, आणि तिच्या कमरेखालचा तळवा एकदम नाहीसा झाला. ती डोक्यावर आपटायची, पण रोद्याने खांदा मध्ये घातला. त्याच्या पाठीवरून घसरत ती गुडघ्यांवर आली. मोजे फाटले, बाकी काही नाही.

"कंबर कुठे नेलीस?" इनेस्सा पेत्रोव्हना कठड्यापाशी ओरडल्या. "सहा वर्षं शिकवते मी. पोत्यासारखी पडतेस त्याच्यावर. बिचाऱ्यानं झेललं म्हणून, नाहीतर आज इथून तुला स्ट्रेचरवरून नेली असती."

ग्लाशाने रोद्याकडे पाहिलं. त्याने बोलावं असं तिला वाटत होतं, एखादा शब्द तरी. तो पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडत होता, उजव्या हाताने.

कार्यक्रमाआधी, पडद्यामागे त्यांचं नाव पुकारायची वाट बघत असताना, ती त्याला म्हणाली, "पहिल्या दोन उचला दोन्ही हातांच्या आहेत, त्या करू. शेवटची मी करणार नाही."

"करशील," तो म्हणाला. "संगीत लागलं की करशील. आजवर कधी थांबली आहेस?"

पहिल्या दोन चांगल्या झाल्या. रोद्याने हवेत फेकल्यावर घेतलेल्या उडीतून ती स्वच्छ उतरली आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग ते वळण आलं. रोद्याने हात पुढे केला, गुडघे वाकवले, तिने झेप घ्यायची ती जागा आली. ती उडाली नाही. त्याचा हात नुसता हातात धरून त्याच्या बाजूने घसरत राहिली.

"चढ," तो ओठ न हलवता म्हणाला.

"नाही."

"ग्लाशा, चढ."

तिने नुसती नकारार्थी मान हलवली. जिथे ती आडवी तरंगायची ते अकरा सेकंद दोघं शाळकरी मुलांसारखे हात धरून घसरत गेले. ज्या उचलीवर सगळी मदार होती तिला शून्य गुण मिळाले. सातवा नंबर.

"काय झालं?" इनेस्सा पेत्रोव्हनांनी कपडे बदलायच्या खोलीत विचारलं. ओरडल्या नाहीत, म्हणून जास्तच भीती वाटली.

ग्लाशा रोद्याकडे बघायचं टाळत म्हणाली, "मला भीती वाटली."

रोद्या बाकावर बसून बुटाच्या नाड्या सोडत राहिला.

पेर्मला परतल्यावर तिसऱ्या दिवशी निर्णय झाला. इनेस्सा पेत्रोव्हनांनी दोघांना समोर बसवून सांगितलं, "उंचीला घाबरणारी मुलगी जोडीत नको. मी दोष देत नाही, होतं असं. रोदिओन, तुला उद्यापासून स्तेशा. अजून कच्ची आहे, पण हलकी आहे आणि तिला भीती माहीत नाही."

स्तेशा चौदा वर्षांची होती. दारात उभी राहून ऐकत होती आणि आनंदाने तिचे कान लाल झाले होते.

ग्लाशाला वाटलं, आता रोद्या सांगेल. आता तरी. तो जमिनीकडे बघत म्हणाला, "ठीक आहे."

सांगावं की नाही या विचारात ग्लाशा रात्रभर जागी होती असं पुढे लोक म्हणायचे, पण तसं काही नव्हतं. ती त्याच पावली बाहेर व्हरांड्यात गेली, रोद्याला गाठलं आणि म्हणाली, "तू सांग. आत्ता. नाहीतर मी सांगते."

"वचन दिलं होतंस."

"माझ्यापुरतं दिलं होतं. स्तेशापुरतं नाही."

"एक महिना दे मला. तोवर तिला नुसतं जमिनीवर शिकवेन."

"तो तवा आठवतोय तुला?" ती म्हणाली. "मला अजून त्याचा वास येतो."

तो वळून जिन्याने खाली गेला. ग्लाशा पुन्हा आत गेली, स्तेशाला बाहेर पाठवून दार लावून घेतलं आणि सगळं सांगितलं, ऑगस्टपासूनचं. शेवटी इनेस्सा पेत्रोव्हनांनी एवढंच विचारलं, "सारान्स्कला सकाळी तो हातच सुटला होता?"

"हो."

"आणि मी तुला बोलले."

त्यांनी फोन उचलून डॉक्टरांचा नंबर लावला.

रोद्याच्या मानेतली एक चकती सरकून नसेवर बसली होती. डॉक्टरांनी सांगितलं, आणखी काही महिने असेच गेले असते तर हात कायमचा गेला असता. शस्त्रक्रिया झाली, हात बराचसा परत आला, बर्फ मात्र सुटला. तो लीस्वाला गेला. ग्लाशाने दोनदा फोन केला. दोन्ही वेळा त्याच्या आईने तो घरी नसल्याचं सांगितलं, आणि मागे चाललेल्या टीव्हीचा आवाज एकदम बंद झाला.

तिला स्वतःला दुसरा जोडीदार मिळाला नाही असं नाही. चेल्याबिन्स्कचा एक मुलगा आला होता, चांगला होता, दोन्ही हात धडधाकट. पण वर गेल्यावर ग्लाशा मोजायची, आणि मोजणारीला कुणी वर ठेवू शकत नाही. तीन महिन्यांनी तिने आपणहून त्याला नको म्हटलं. एकोणिसाव्या वर्षी तिचं खेळणं संपलं. पहिला हिवाळा तिने आईच्या शाळेत ताटं विसळत काढला, स्केटिंगच्या इमारतीसमोरून जावं लागू नये म्हणून दोन थांबे आधी उतरून चालत जायची. दुसऱ्या हिवाळ्यात कुंगूरला स्केटिंगसाठी नवीन बर्फाचं मैदान झालं. लहान मुलांना शिकवायला माणूस हवं होतं, इनेस्सा पेत्रोव्हनांनी तिला न विचारता तिचं नाव दिलं.

रोद्या तिला पाच वर्षांनी भेटला, पेर्मलाच, प्रांताच्या स्पर्धेच्या वेळी. तो आता चुसोवॉयच्या एका व्यायामशाळेत दुखापती झालेल्या खेळाडूंकडून व्यायाम करून घ्यायचा. दोघं चहाच्या टपरीपाशी उभे राहिले. त्याने कागदी पेला उजव्या हातात धरला होता.

"ठरवलं होतं, तुझ्याशी कधी बोलायचं नाही," तो म्हणाला.

"माहीत आहे."

"तू सांगितलंस म्हणून नाही. सारान्स्कला तू इनेस्सा पेत्रोव्हनांना म्हणालीस ना, मला भीती वाटली. ते ऐकत मी तिथे बसलो होतो. ते मला पुढे कधी गिळता आलं नाही." त्याने पेला टपरीच्या फळीवर ठेवला. "आई कशी आहे?"

"बरी आहे. गुडघे दुखतात."

"तिला व्यायाम लिहून देतो मी," तो म्हणाला आणि खिशात पेन शोधू लागला. पेन नव्हतं. ग्लाशाने आपलं दिलं, आणि तो कागदी रुमालावर, तिथेच फळीवर वाकून, एक ते सहा आकडे टाकत लिहायला लागला.