सात देशांनी मारलेले भाऊजी

आमचे भाऊजी, म्हणजे माझ्या थोरल्या ताईचे मिस्टर, पोलीस प्रशिक्षण केंद्रात सुतार होते. त्यांनी दारं करायची आणि जवानांनी ती लाथेने तोडायची, असा तिथला रिवाज. एखादं दार दुसऱ्या लाथेपर्यंत टिकलं, तर त्या दिवशी भाऊजी घरी येऊन दोनदा चहा मागत.

एकदा शेजारच्या देशाची तुकडी सरावाला आली आणि अतिरेकी व्हायचा जवान नेमका आजारी पडला. साहेबांनी इकडेतिकडे पाहिलं, समोर भाऊजी रंधा मारत होते. त्यांना काळं जाकीट चढवून त्यांच्याच दारामागे उभं केलं. दार फुटलं, खोट्या गोळ्या सुटल्या आणि भाऊजी असे काही कोसळले की पाहुण्या कप्तानाने घाबरून त्यांची नाडी बघितली.

तिथून त्यांचं बस्तान बसलं. दहशतवादाविरुद्ध सात गरीब देशांनी एक व्हायचं ठरवलं होतं. पैसा कुणाकडेच नव्हता, म्हणून बंदुका ज्याच्या त्याने आणायच्या आणि अतिरेकी आमच्याकडचा, असं ठरलं. सातही देशांनी आळीपाळीने येऊन भाऊजींना मारलं. बैठकीत मात्र अतिरेकी म्हणायचं कुणाला, यावरच घोडं अडायचं, कारण एकाचा अतिरेकी दुसऱ्याचा पाहुणा निघायचा. एकमत होतं ते फक्त आमच्या भाऊजींबद्दल.

ताईला या कर्तबगारीचं कवडीचं कौतुक नव्हतं. कचेरीत रोज मरणाऱ्या माणसाला घरी साधा बल्ब बदलायला सवड नाही, असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायची.

भाऊजी निवृत्त झाले आणि त्याच वर्षी, शेजारच्याच देशात दिलेल्या भाचीला मुलगी झाली. भाऊजींनी नातीसाठी सागवानी पांगुळगाडा केला. त्याची चाकं इतकी घासली की लोणी त्यावरून घसरावं. नात उभी राहायला लागली तसे आम्ही तिघं निघालो. भाऊजींचा हा पहिलाच परदेश. विमानात ते पांगुळगाडा मांडीवरून खाली ठेवायला तयार नव्हते.

तिकडच्या विमानतळावर ताई आणि मी कॅमेऱ्यासमोरून सुटलो. भाऊजी उभे राहिले आणि घंटा वाजली. त्यांनी सवयीने हात वर केले. इतक्या सफाईने केले की शिपायांचा उरलासुरला संशयही फिटला.

वरचे साहेब आले, ते नाडी बघणारे कप्तान निघाले. त्यांनी भाऊजींना मिठी मारली, खुर्ची दिली, ताईची चौकशी केली. माझा जीव भांड्यात पडला. मग त्यांनी खुलासा केला. सात देशांनी मिळून चेहरे ओळखणारं यंत्र बसवलं होतं आणि ते चालतं का, हे बघायला त्यात सरावातल्या अतिरेक्याचा चेहरा घातला होता. यंत्राने पहिल्या फटक्यात ओळखला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि चेहरा काढायचा राहिला.

"मग आता काढा की," मी म्हणालो.

"घालायला एका देशाची सही पुरते," कप्तान म्हणाले. "काढायला सातांची लागते. आणि सध्या आमच्यातल्या दोघांचं बोलणं बंद आहे."

मला संताप आला. परतीच्या विमानाने त्यांना पाठवणार होते. भाऊजींनी मात्र एकच विचारलं, "नातीला लांबून तरी बघू द्याल का?"

आम्हा दोघांना भाऊजींनी बळेच पुढे धाडलं. पांगुळगाडा तपासून आत घेतला गेला. त्याच्याबद्दल कुणाचीच हरकत नव्हती.

मोठी काच होती. अलीकडे आम्ही आणि भाची, पलीकडे कप्तानांसोबत भाऊजी. नात ताटकळून रडत होती. भाऊजींनी काचेवर टकटक केली, तोंड वेडंवाकडं केलं. तिचं लक्षच नाही. मग त्यांनी कप्तानांच्या कानात काही सांगितलं. कप्तानांनी चोहीकडे बघून घेतलं आणि बोटाची बंदूक रोखली.

भाऊजींनी छातीवर हात ठेवला, दोन झोकांड्या खाल्ल्या आणि गुळगुळीत फरशीवर धाडकन पडले. शिपाई धावले. नात रडायची थांबली, आणि खुदकन हसली.

ताईने नवऱ्याचं काम आयुष्यात पहिल्यांदाच पाहिलं. "बरे मरतात हो," ती म्हणाली आणि पदर डोळ्यांना लावला.

भाऊजी उठले, गुडघा चोळला, नातीकडे पाहिलं आणि पुन्हा मेले. विमानाची वेळ होईपर्यंत ते मरत राहिले.